लहानपणीचे कार्टून आठवते, पण सापडत नाही: शोध कुठे अडतो आणि तो कसा सोडवावा

दिवाळीत आमच्या नाशिकरोडच्या घरी मावस आणि चुलत भावंडे जमली, फराळाची ताटे पुढे आली, की एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, ते कार्टून कोणतं होतं गं, ज्यात अस्वल विमान चालवायचं आणि शेजारी मोगली बसायचा?" मग एक जण म्हणतो की असे काही नव्हतेच, दुसरा म्हणतो की होते, पण विमान अस्वल नव्हे तर बोके चालवायचे, आणि तिसरा मोबाईलवर काहीतरी शोधून दाखवतो, जे पाहून सगळेच "हे नाही" म्हणतात. पुढच्या दिवाळीत तोच प्रश्न पुन्हा तसाच पुढे येतो. गेल्या काही वर्षांत नातेवाईक, शेजारी आणि त्यांच्या ओळखीचे असे बरेच जण अर्धवट आठवणारी कार्टूने घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांपैकी पुष्कळशी आम्ही शोधून काढली. शोध अडण्याची कारणे जवळजवळ प्रत्येक वेळी तीच निघाली, म्हणून ती आणि त्यांवरचे उपाय येथे सविस्तर लिहीत आहे.

मूळ अडचण अशी आहे की आपण शोधाची सुरुवात नाव, साल, रंग, भाषा अशा मोठ्या गोष्टींपासून करतो आणि माझ्या अनुभवात आठवणीतल्या नेमक्या याच गोष्टी सर्वांत आधी बदललेल्या असतात. टिकून राहते ती एखादी क्षुल्लक, विचित्र, कशाशीच न जुळणारी खूण: उलटी घातलेली टोपी, बोलताना एकाच जागी हलणारे डोके, दार बंद होताना येणारा घुमणारा आवाज. ज्या खुणेचा अर्थ आपल्याला लावता येत नाही ती बहुधा खरी असते, कारण ती मनाने स्वतःहून जोडावी असे काही कारणच नसते. म्हणून ज्यावर सहज विश्वास बसतो ते बाजूला ठेवावे आणि जे विचित्र वाटते ते हाती धरावे.

शोधण्याआधी लिहून काढावे

मोबाईल हातात घेण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि जे आठवते ते सर्व, विसंगतीसह, जसेच्या तसे लिहावे. ही पायरी लोकांना कंटाळवाणी वाटते, पण ती टाळली तर पुढचा सगळा शोध गढूळ होतो. एकदा का आपण पडद्यावर दहा-पंधरा कार्टूनांची चित्रे पाहिली, की त्यांतले रंग आणि चेहरे आपल्या आठवणीत शिरतात, आणि अर्ध्या तासाने आपल्याला मूळचे काय आठवत होते आणि आत्ता काय पाहिले हे वेगळे करता येत नाही. कागदावर तारीख घालावी. प्रत्येक ओळीपुढे ती गोष्ट स्वतः डोळ्यांनी पाहिलेली आठवते, की कोणीतरी नंतर सांगितलेली आहे, हेही लिहावे.

भावंडांना विचारायचे असेल तर एकेकट्याला विचारावे. सगळे एकत्र बसले की मोठ्या आवाजात बोलणाऱ्याची आठवण सर्वांची होते, आणि चार जणांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून आपण ती खरी धरतो, वास्तविक ती एकाच माणसाची असते. मी आता दिवाळीच्या गप्पांत उत्तर देत नाही. "तू घरी जा आणि मला वेगळं लिहून पाठव," एवढेच सांगते.

दोन कार्टूने एकमेकांत मिसळलेली असतात

सर्वाधिक वेळा आढळणारा दोष हाच आहे, म्हणून माझ्या मावसभावाचे उदाहरण पूर्ण सांगते. त्याने पाठवलेल्या यादीत पाच गोष्टी होत्या. विमान पिवळे होते आणि ते पाण्यावर उतरत असे. वाघ कोट आणि टाय घालून मोठ्या टेबलामागे बसत असे. मोगली टोपी उलटी घालून ढगांवरून घसरत जात असे. अस्वलाचे नाव बल्लू होते. आणि सुरुवातीला 'जंगल जंगल बात चली है' हे गाणे लागत असे.

यादी वाचतानाच लक्षात येते की यात दोन वेगवेगळी जगे आहेत. एका जगात जंगल आहे, दुसऱ्यात कार्यालय, विमान आणि टाय आहे. अशा वेळी यादी सरळ फाडून दोन करावी आणि प्रत्येक अर्ध्याचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा. गाण्याचा अर्धा भाग सोपा होता. ते गाणे गुलजार यांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले 'द जंगल बुक' या मालिकेच्या हिंदी अवताराचे आहे, जी दूरदर्शनवर १९९३ पासून रविवारी सकाळी लागत असे आणि जिच्यात शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज होता. उरलेला अर्धा भाग 'टेलस्पिन' या डिस्नेच्या १९९० सालच्या मालिकेचा निघाला. डिस्नेने आपल्याच १९६७ च्या मोगलीपटातली पात्रे उचलून अगदी वेगळ्या गोष्टीत बसवली होती: बल्लू मालवाहू विमानाचा वैमानिक झाला आणि शेरखान कोट घातलेला बडा उद्योगपती झाला. हीसुद्धा हिंदीत, नव्वदच्याच दशकात, दूरदर्शनवर लागत असे. दोन्हींत बल्लू आणि दोन्हींत शेरखान असल्यावर सात-आठ वर्षांच्या मुलाने त्यांना एकाच घरात राहायला लावले, यात नवल नाही.

राहिला ढगांवरून घसरणारा मोगली. 'टेलस्पिन'मध्ये माणसाचे पोर नाही. मात्र किट नावाचे अस्वलाचे एक पिल्लू आहे, जे टोपी उलटी घालते आणि विमानाला दोर बांधून, पायाखाली पातळ फळी धरून, ढगांवरून तरंगत जाते. बल्लूशेजारी बसणारे लहान पात्र म्हणजे मोगलीच, अशी मावसभावाच्या मनाने परस्पर सोय लावली होती. मी त्याला तो प्रसंग दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग फक्त "टोपी" एवढेच म्हणाला. त्याच्या पाच ओळींपैकी पात्राचे नाव आणि गाणे यांनी त्याला तीस वर्षे चुकीच्या रानात फिरवले होते. खरी वाट टोपीने दाखवली.

विमानाची आठवण सांगणाऱ्याला मी आता सर्वांत आधी विमान कोण चालवते ते विचारते. उत्तर दोन बोके असे आले तर ते १९९३ मध्ये सुरू झालेले 'स्वॅट कॅट्स' असते आणि तिथे शोध संपतो.

शोधले की भलतेच कार्टून समोर येते

कथा प्रसिद्ध असली की ही अडचण हमखास येते. मोगली असे टाकले की डिस्नेचा चित्रपट पुढे येतो, तो पाहून माणूस "चेहरा असा नव्हता" म्हणतो आणि आपलीच आठवण चुकली असे समजून शोध सोडून देतो. आठवण चुकलेली नसते. दूरदर्शनवर लागणारी मोगलीची मालिका जपानमध्ये निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये तयार केलेली होती आणि तिचे ५२ भाग होते. तिची खूण सांगायची तर मोगलीच्या हातातले बूमरँग. डिस्नेच्या मोगलीकडे ते नाही. ज्याला फेकलेले लाकूड वळून परत हातात येताना आठवते त्याने निःशंकपणे जपानी मालिकेकडे जावे.

'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चे तसेच आहे. शोधले की डिस्नेचा १९५१ चा चित्रपट येतो, पण आपल्याकडच्या पिढीला जी अ‍ॅलिस आठवते ती बहुधा १९८३ मध्ये सुरू झालेल्या, त्याच निप्पॉन अ‍ॅनिमेशनच्या ५२ भागांच्या मालिकेतली असते, आणि तिच्या हिंदी अवताराचे 'टप टप टोपी टोपी' हे गाणे अनेकांना अजून तोंडपाठ आहे. येथे उपाय एकच आहे: कथेचे नाव टाकल्यावर त्यापुढे 'जपानी मालिका' किंवा 'हिंदी डबिंग' हे शब्द जोडावेत, आणि शोध देवनागरीत, रोमन लिपीत व इंग्रजीत असा तिन्ही प्रकारे करावा. इंग्रजीत शोधताना नावाऐवजी विचित्र खुणेचे वर्णन करावे. ज्या देशात कार्टून तयार झाले तिथल्या लोकांनी त्या खुणेविषयी कुठेतरी लिहिलेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि आपल्याकडचे हिंदी नाव त्यांना ठाऊक नसते.

रंग आणि भाषा यांच्या भरवशावर राहू नये

"ते ब्लॅक अँड व्हाईट होते" हे वाक्य ऐकले की मी ते यादीतून तात्पुरते काढून टाकते. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले, पण मध्यमवर्गीय घरांत कृष्णधवल संच त्यानंतर कितीतरी वर्षे होते, त्यामुळे रंगीत कार्टूनही आपण करड्या रंगातच पाहिले. आमच्या वाड्यात तर एका घरी पडद्यावर प्लास्टिकचा रंगीत कागद लावलेला होता, वर निळा, मध्ये तांबूस आणि खाली हिरवा. त्या घरी कार्टून पाहिलेल्या मुलीला आजही सगळ्या पात्रांचे पाय हिरवे आठवतात, आणि तिच्या दृष्टीने ती आठवण शंभर टक्के खरी आहे.

शेजारच्या वहिनींचे माहेर इगतपुरीचे. त्यांना आठवणाऱ्या कार्टूनमध्ये एक मुलगी आणि एक ससा होता आणि सतत बर्फ पडत असे. त्यांनी बर्फाच्या राणीच्या सगळ्या गोष्टी धुंडाळल्या होत्या. मी त्यांना टीव्ही कुठे होता, अँटेना कुठे होती, असे विचारत गेले तेव्हा त्या सांगू लागल्या की घाटातल्या वाऱ्यापावसात अँटेना सारखी फिरायची, भाऊ गच्चीवर जाऊन ती वळवायचा आणि खालून आई ओरडायची, "आता थोड्या कमी झाल्या मुंग्या!" एवढे बोलून वहिनी थांबल्या. तो बर्फ म्हणजे पडद्यावरच्या मुंग्या होत्या. बर्फ वगळल्यावर उरली मुलगी आणि प्रत्येक भागात तिच्यासोबत चालणारा ससा, म्हणजे वर सांगितलेली जपानी अ‍ॅलिस आणि तिचा सोबती बेनी. म्हणून कार्टूनविषयी विचारण्याआधी खोलीविषयी विचारावे: संच कोणाचा होता, कुठे ठेवलेला होता, आपण कशावर बसलो होतो. खोली आठवली की पडद्यावरचे बरेच काही आपोआप वेगळे होते.

भाषेच्या बाबतीत एवढेच सांगते की संवाद मराठीत आठवतात म्हणून कार्टून मराठीत होते असे समजू नये. घरातले मोठे भावंड शेजारी बसून अर्थ सांगत असे आणि तोच आवाज पात्राला चिकटतो.

साल जुळत नाही

पाहिल्याचे साल आणि तयार झाल्याचे साल यांत गल्लत केल्यामुळे अनेकांचा शोध चुकीच्या दशकात अडकून पडतो. नव्वदच्या दशकात आपण केबलवर जे 'टॉम अँड जेरी' पाहत होतो, त्यांतला पहिला लघुपट १९४० सालचा आहे. म्हणून पाहिल्याचे साल आधी पक्के करावे, आणि त्याचा उपयोग कार्टून कोणत्या वाहिनीवर असेल हे ठरवण्यापुरताच करावा.

साल पक्के करायला नाशिककरांजवळ एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे सिंहस्थ. कार्टून पाहिले ते १९९१ च्या सिंहस्थाच्या आधी की नंतर, २००३ च्या आधी की नंतर, असे विचारले की रामकुंडावरची गर्दी, शाळेला मिळालेली सुट्टी, घरी आलेले पाहुणे हे सारे आठवू लागते आणि माणूस न चुकता सांगतो, "नाही, तेव्हा आम्ही नव्या घरात गेलो होतो." दिवाळीच्या सुट्टीत आलेले २४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहणही असेच उपयोगी पडते. मावसभावाला मी हेच विचारले होते. त्याचे उत्तर सिंहस्थानंतरचे होते, म्हणून फक्त ऐंशीच्या दशकात टीव्हीवर लागलेली सगळी कार्टूने मला पहिल्याच दिवशी बाजूला ठेवता आली.

आणखी एक लहान खूण अशी की ज्यांना कार्टून संपताच त्याच वाहिनीवर जुना इंग्रजी सिनेमा सुरू झाल्याचे आठवते, त्यांनी ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पाहिलेले असते. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ रोजी सुरू झाले तेव्हा दिवसाचा उरलेला वेळ त्या जागेवर टीएनटी ही सिनेमांची वाहिनी दिसत असे.

ते कार्टून नव्हतेच

कार्टूनांच्या यादीत नाव मिळत नसेल तर ते कार्टून होते हे आपण कशावरून म्हणतो, हे तपासावे. मनगटावरच्या घड्याळातून हुकूम देणारा मुलगा आणि त्याचे ऐकणारा अवाढव्य यंत्रमानव अनेकांना कार्टून म्हणून आठवतो. ती १९६७-६८ मध्ये जपानमध्ये खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेली २६ भागांची 'जायंट रोबोट' ही मालिका होती, जी आपल्याकडे दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात दाखवली गेली. 'पोटली बाबा की' या मालिकेत बाहुल्या होत्या. डोळे फिरवणारा, तिरकस बोलणारा एक म्हातारा आठवत असेल, तर तो रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव असण्याचा संभव आधी पडताळावा.

यापेक्षा अवघड प्रकार छापील चित्रांचा आहे. मराठी 'चांदोबा' १९५२ पासून निघत होता, आणि त्यातला खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा कितीतरी जणांच्या आठवणीत चालताना दिसतो. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचेही (विक्रमाच्या गोष्टीतला नव्हे, इंग्रजीतला मुखवटाधारी फँटम) तसेच होते, कारण ते अंक मराठीतही येत असत आणि एका अंकामागून दुसरा वाचताना घोड्याच्या टापा ऐकू येत असत. अशा वेळी आवाजाविषयी विचारावे. गाणे, पार्श्वसंगीत किंवा कोणाचा विशिष्ट आवाज यांपैकी काहीच आठवत नसेल आणि चित्र मात्र लख्ख असेल, तर ते पडद्यावरचे नसून कागदावरचे असू शकते, आणि मग शोध जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि वाचनालयांत घ्यावा लागतो.

चित्रकाराचा हात ओळखावा

नाव नाही, गोष्ट नाही, फक्त एखाद्या पात्राची चाल आठवते, अशा वेळी ते कोणत्या स्टुडिओचे असावे याचा अंदाज बांधता येतो. माझ्या मते शोधातला हा सर्वांत समाधान देणारा भाग आहे. हॅना-बार्बेरा यांच्या टीव्ही कार्टूनांत, उदाहरणार्थ योगी बेअरच्या गळ्यात, कॉलर किंवा टाय असतो, कपडे मात्र जेमतेम असतात. त्यामागे काम वाचवण्याची युक्ती होती. कॉलरपाशी रेषा तोडली की धड तेच ठेवून फक्त डोके नव्याने काढता येत असे. पात्र पळताना मागून तेच झाड, तेच घर, पुन्हा तेच झाड जात असेल, तर तेही त्याच काटकसरीचे चिन्ह आहे. 'ही-मॅन' करणाऱ्या फिल्मेशनची खूण वेगळी होती. तिथे पात्रांच्या हालचाली खऱ्यासारख्या गुळगुळीत असत, पण तीच धाव आणि तोच ठोसा भागाभागांत पुन्हा वापरला जात असे.

'टॉम अँड जेरी'च्या बाबतीत तर हात ओळखल्याशिवाय गत्यंतर नाही. गंगापूर रोडवरच्या एका काकांना टॉम-जेरीचा एक "भीतीदायक" भाग आठवत असे आणि घरात कोणीही त्यांच्यावर विश्वास ठेवत नसे, कारण टॉम-जेरी भीतीदायक कसे असतील? ते लघुपट तीन वेगवेगळ्या हातांनी केलेले आहेत. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात केलेले ११४ लघुपट सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यानंतर जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ लघुपट केले, जे १९६१ आणि १९६२ मध्ये प्रदर्शित झाले. त्यांत हालचाली झटकेदार आहेत, आवाज विहिरीत पडल्यासारखे घुमतात आणि टॉमला बेदम मारणारा एक स्थूल, संतापी मालक आहे. काकांना तो मालक आणि तो घुमणारा आवाज लख्ख आठवत होता. त्यांच्या घरच्यांना मी प्रागचा एक लघुपट आवाज मोठा करून ऐकवला आणि वाद मिटला. पुढचे ३४ लघुपट चक जोन्स यांच्याकडचे. त्यांत टॉमच्या भुवया जाड आहेत, आणि सुरुवातीला एमजीएम या चित्रपट कंपनीच्या गर्जणाऱ्या सिंहाच्या जागी टॉमच म्याऊ करतो.

भारतीय लघुपट विसरू नयेत

परदेशी मालिकांच्या याद्या चाळून थकलेल्या माणसाला मी शेवटी विचारते की ते आपल्याकडचेच तर नव्हते ना, आणि आश्चर्य म्हणजे ही शक्यता फार थोड्यांनी तपासलेली असते. फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या चित्रपटसंस्थेची स्थापना १९४८ मध्ये झाली, तिथे कार्टून विभाग १९५० च्या दशकात उभा राहिला, डिस्नेमध्ये काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तिथल्या कलाकारांना शिकवले, आणि त्यांतूनच राम मोहन यांच्यासारखे चित्रकार घडले. या संस्थेचे लघुपट चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी आणि नंतर दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत लागत, त्यामुळे ते ठरवून पाहिलेले नसतात आणि त्यांचे नाव कोणालाच माहीत नसते. जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी आणि जाळे कुरतडणारे उंदीर हे ज्यांना आठवतात, त्यांनी १९७४ चा 'एक अनेक और एकता' पाहावा. विजया मुळे यांच्या त्या लघुपटाची चित्रे भीमसेन यांच्या देखरेखीखाली झाली आणि त्यात लहानपणीच्या साधना सरगम यांचा आवाज आहे. अनेकांना गाणे एका ठिकाणी आणि उंदीर दुसऱ्या ठिकाणी पाहिल्यासारखे वाटते, पण दोन्ही तिथेच आहेत.

पोपट घेऊन फिरणारी, शाळेत जाण्यासाठी धडपडणारी मुलगी म्हणजे युनिसेफची मीना आणि तिचा मिठू. पंचवटीतल्या एका मुलाला सुवर्णमृगामागे धावणारा राम चित्रांत पाहिल्याचे आठवत असे, पण सीतागुंफेजवळच लहानाचा मोठा झाल्यामुळे ते आजीने सांगितले की पडद्यावर पाहिले हे त्याला ठरवता येत नव्हते. युगो साको आणि राम मोहन यांचा भारत-जपान सहकार्यातला रामायणपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला तेव्हा त्याने तो पाहिला आणि त्याला हरणाचे वळून पाहणे ओळखू आले.

तरीही सापडत नसेल तर

दोन कारणे लक्षात घ्यावीत. पहिले असे की सगळे जपून ठेवले गेलेले नाही. टेप महाग असल्याने दूरदर्शनवर जुने कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरली गेल्याची उदाहरणे आहेत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये आगपेटीतल्या काड्या एकेक करून हलवत 'आगकाड्यांची मौज' केली होती, आणि भारतीय अ‍ॅनिमेशनच्या त्या पहिल्या प्रयत्नाची प्रतही आज पाहायला मिळत नाही. दुसरे कारण केबलचे आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केबलवाले दुपारी स्वतःच्या वाहिनीवर भाड्याच्या व्हिडिओ कॅसेट लावत असत, आणि त्यांची नोंद कुठेच होत नसे.

दूरदर्शनवरचे काही शोधायचे असेल तर वर्तमानपत्रांत रोज छापून येणारे कार्यक्रमांचे वेळापत्रक हा आधार आहे. साल निश्चित झाले असेल तरच त्या वाटेने जावे, अन्यथा महिनोन्महिने पाने उलटण्यात जातात. जुन्या वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव संचांची चौकशी करावी. आपल्याकडचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे आणि जुन्या छापील मजकुराची वाट विचारायला त्याच्याइतकी योग्य जागा नाशिकमध्ये मला माहीत नाही. त्याशिवाय प्रसार भारती आणि फिल्म्स डिव्हिजन यांनी यूट्यूबवर ठेवलेले जुने साहित्य अधूनमधून पाहत राहावे, कारण त्यात भर पडत असते.

माझ्या स्वतःच्या कागदावर एक शोध अजून उघडा आहे. एक म्हातारी विहिरीत दोर सोडते, दोराला चंद्र अडकतो आणि ती तो ओढून वर काढते. संवाद एकही नाही, फक्त रहाटाची कुरकुर. मी हे आमच्या घरच्या टीव्हीवर पाहिले असे धरून चालले होते आणि त्या हिशेबाने दूरदर्शनच्या सगळ्या वाटा तपासल्या होत्या. गेल्या महिन्यात धाकट्या भावाला वेगळे बसवून विचारले. चंद्र त्यालाही आठवत होता, आणि त्याने आपणहून सांगितले की बादली लाल होती. आमच्याकडे रंगीत संच १९८९ मध्ये आला आणि ही आठवण त्याआधीची आहे. लाल रंग मनाने भरलेला असू शकतो, म्हणून मी त्याला आणखी काही आठवते का असे विचारले. तो म्हणाला, "ताई, माझी मान दुखत होती. सारखं वर बघावं लागत होतं." घरचा टीव्ही लाकडी स्टुलावर, आमच्या नजरेच्या खाली होता. मान वर करून आम्ही पाहिले असेल ते फक्त थिएटरात, पुढच्या रांगेत बसून. आता दूरदर्शनची यादी मी बाजूला ठेवली आहे आणि सिनेमाआधी लागणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या लघुपटांची वर्षवार यादी करायला घेतली आहे.